पिवळ्या दोऱ्याचं रफू

हातावर गोंदण नव्हतं. बन्सीधरच्या नजरेत आधी तेवढंच भरलं. फोटोतली बाई एका लाकडी खोक्यावर बसली होती. हातात चहाची बशी होती, पदर खांद्यावरून ढळला होता, आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा होता. हात कोरा होता. मनकर्णेच्या ह्याच हातावर तुळशीवृंदावन होतं आणि मनगटाशी पाच ठिपके. खरं तर चारच काढायचे होते, पण गोंदणारीण सुई टोचत असताना तिनं हात मागं ओढला आणि पाचवा भलत्याच जागी उमटला. लग्न झाल्यावर बरेच दिवस तो त्या पाचव्या ठिपक्यावर बोट ठेवून तिला चिडवायचा. उजेडानं पुसलं असेल, असं त्याला वाटून गेलं. फोटो काढणारा मेहुणा चंद्रभान म्हणायचाच की उजेड जास्त झाला तर कातडीवरचं सगळं पुसलं जातं. पण बांगड्या दिसत होत्या, दोन बांगड्यांमधली फट दिसत होती, मनगटावरची शीर दिसत होती. एवढं सगळं ठेवून उजेडानं नेमकं गोंदणच कसं नेलं? मग त्यानं तोंडाकडे पाहिलं. तोंड मनकर्णेचं होतं. म्हणजे घरी त्याच्या सोनारकामाच्या दुकानाच्या आतल्या भिंतीवर, देवघराच्या शेजारी जे तोंड होतं तेच. फक्त घरी ते गप्प होतं आणि इथं ते फोटोच्या बाहेर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघून हसत होतं. दातांत एक दात जरा पुढे आलेला होता. घरच्या फोटोत ओठ मिटलेले होते, त्यामुळे हा दात त्याला कधी दिसला नव्हता. मनकर्णेचा दात पुढे होता का? त्यानं आठवून पाहिलं आणि त्याला आठवेना.

लुगडं तिचंच होतं. हिरवं इरकली, लाल काठाचं. फोटोत हिरवं काळपट आलं होतं, पण काठावरची वीण त्याच्या डोळ्यांत बसलेली होती. आणि पदराच्या टोकाशी, बोटाच्या पेराएवढं, फिकट काही तरी होतं. दुसऱ्या कुणाला ते डाग वाटलं असतं. ते रफू होतं. दुकानातल्या शेगडीची ठिणगी उडून तिच्या पदराला भोक पडलं होतं. घरात हिरवा दोरा नव्हता. बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायला तिला दम नव्हता, म्हणून तिनं पिवळ्या दोऱ्यानं ते भरून काढलं. तो म्हणाला होता, "पोपटाला हळद लागली." ती दिवसभर त्याच्याशी बोलली नव्हती, आणि संध्याकाळी भाकरी वाढताना स्वतःच हसली होती. ते तिच्या मरणाच्या आधीच्या दिवाळीचं. पुण्याला भावाकडे ती गेली होती ती त्याच्याही आधी, घरचा फोटो तेव्हाचाच, आणि तेव्हा लुगडं धड होतं. बन्सीधर फोटोसमोर उभा राहून हे सावकाश लावत होता. रफू मनकर्णेचं होतं आणि हात मनकर्णेचा नव्हता. फोटोखाली पांढऱ्या चिठ्ठीवर मराठीत 'विसावा' असं लिहिलं होतं आणि शेजारी तेच उर्दूत.

कपाशीचा हंगाम संपल्यामुळे जिनिंगचं गोदाम रिकामं होतं. शेटजींनी ते चंद्रभानला चार दिवस वापरायला दिलं होतं. तुळयांना अजून कापूस चिकटलेला होता आणि कुणी दार ढकललं की तो खाली तरंगत यायचा, लोकांच्या टोप्यांवर बसायचा. परभणीत असं पहिल्यांदाच चाललं होतं. नुसते फोटो भिंतीला लावायचे आणि लोकांनी येऊन ते बघायचे, विकत काही घ्यायचं नाही. तहसीलदारसाहेब आले होते, मोंढ्यातले आडते आले होते, शाळेचे मास्तर आले होते. सिनेमातले फोटो म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं होतं नट्या असतील. नट्या होत्याही, पण भलत्याच अवतारात. एक राणी मुकुट मांडीवर ठेवून बिडी ओढत होती. तिच्यासमोर सगळ्यात जास्त गर्दी होती. "अहो, राणीसाहेब बिडी ओढायल्यात," कुणी तरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "राजा घरी नसंल." एक राक्षस लाकडी तलवार उशाला घेऊन झोपला होता. एका देवाला दुसरा माणूस पाठीवर खाजवून देत होता. मास्तरांना ते आवडलं नाही. ते पुढच्या फोटोकडे गेले.

चंद्रभान हा मनकर्णेचा धाकटा भाऊ. गंगाखेडच्या सोनाराचा मुलगा, पण बापाच्या हातोडीला त्यानं कधी हात लावला नाही. पोरवयात तो पुण्याला पळाला, सिनेमा कंपनीत पडदे रंगवायला लागला आणि पुढे फोटो काढायला लागला. सिनेमाचा फोटोग्राफर वेगळा, हा वेगळा. ह्याचं काम काय, हे त्यानं मघाशी तहसीलदारसाहेबांना समजावून सांगितलं तेव्हा बन्सीधर शेजारीच उभा होता. सिनेमाचं यंत्र चालतं तेव्हा फोटो काढता येत नाही. प्रसंग संपला की हा ओरडतो, थांबा. मग नटांनी जे केलं तेच पुन्हा करायचं आणि तसंच थांबून राहायचं. रडले असतील तर पुन्हा रडायचं, पडले असतील तर पुन्हा पडायचं. थेटराच्या दाराशी जे फोटो लागतात ते सगळे ह्या दुसऱ्या वेळचे. चंद्रभान म्हणाला की त्याला त्या दुसऱ्या वेळचा वीट आला. म्हणून तो 'झालं' असं म्हणायचा, नट सुटायचे, अंग सैल सोडायचे, आणि तेव्हा तो आपल्यासाठी फोटो उमटायची एक काच वापरायचा. हे फोटो तेव्हाचे. तहसीलदारसाहेब मान हलवत होते. डोळे असे जिवंत कसे दिसतात, असं त्यांनी विचारलं. ती चंदेरी कागदाची फळी, चंद्रभान म्हणाला. पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवायचा आणि समोर धरायचा. त्याचा उजेड डोळ्यात पडतो, बुबुळावर चौकोनी पांढरा ठिपका येतो. तो नसेल तर डोळा मेलेला दिसतो. बन्सीधरनं ते ऐकलं होतं आणि त्याच्या मनात काही तरी हललं होतं. पण लोक पुढे सरकत होते, तोही पुढे सरकला होता, आणि मग तो त्या हातासमोर आला होता.

घरच्या फोटोतही डोळ्यांत पांढरे ठिपके होते. ते पाणी आहे असं तो समजत आला होता. मनकर्णा तापानं गेली. हिवताप म्हणत म्हणत गावभरचे काढे दिले आणि एका दुपारी ती उठून बसली, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत गेली. मूल नव्हतं. चंद्रभानला तार पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो आला तेव्हा बन्सीधर दुकान बंद करून आत पडून होता, जेवत नव्हता, अंघोळ करत नव्हता. सासू उंबऱ्यावर बसून म्हणत होती की तिचं तोंड आता कुठं बघावं, तिचा एखादा फोटो तरी असता. तेव्हा चंद्रभान म्हणाला, "हाय की. आक्का पुण्याला आलती तेव्हा मी एक काच घेतली व्हती." त्या शब्दांवर बन्सीधर उठून बसला होता. हे त्याला चांगलं आठवत होतं. तो उठला, तोंड धुतलं, सासूनं दिलेला भात खाल्ला. जाताना सासूनं लेकीची आठवण म्हणून हिरवं लुगडं मागितलं आणि त्यानं ते दिलं. ते तिच्या पेटीत राहणार असं त्याला वाटलं होतं. पुढे पुण्याहून फोटो आला. काचेच्या चौकटीत, छातीपर्यंत, डोक्यावरून पदर, हात पदराखाली. डोळ्यांत पाणी. मनकर्णा पुण्याला पंधरा दिवस राहिली होती. इतके दिवस ती त्याला सोडून कधी राहिली नव्हती. फोटो काढताना तिला आपली आठवण आली असणार, असं त्यानं धरून घेतलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण रोज सकाळी दिवा लावताना तो त्या पाण्याकडे बघायचा आणि मग दुकान उघडायचा.

ते पाणी म्हणजे पुठ्ठ्याला चिकटवलेला चंदेरी कागद होता.

फोटो आल्यावर शेजारची कडूबाई आधी बघायला आली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की नाक जरा सरळ आलंय. चंद्रभाननं आधीच लिहून कळवलं होतं की काचेवर बारीक पेन्सिलनं सुधारावं लागतं, सगळ्यांचंच सुधारतात. बन्सीधरनं कडूबाईला तेच सांगितलं. आणि कॅमेऱ्याला माणूस असंच दिसतं, हेही सांगितलं. कडूबाईनं आयुष्यात फोटो पाहिला नव्हता. बन्सीधरनं थेटराच्या दाराशी लागलेले सोडले तर कुठं पाहिला होता? सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिनं काचेवरून हात फिरवला आणि रडली. त्या रडण्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. पहिल्या काही दिवसांत बन्सीधरलाही ते तोंड थोडं परकं वाटलं होतं. गाल जरा बसके, कपाळ मोठं. पण तो रोज बघत गेला. बघता बघता फोटोतलं जे होतं ते खरं झालं आणि त्याच्या मनात जे होतं ते चुकीचं झालं. मनातल्या तिच्या तोंडाचं नाक त्यानं सरळ केलं. कपाळ मोठं केलं. ती भाकरी थापताना, पाणी आणताना, भांडताना, जिथं जिथं आठवायची तिथं तिथं त्यानं हे तोंड बसवलं. हे सगळं त्यानं स्वतः केलं होतं, मन लावून केलं होतं, आणि त्यात काही वाईट आहे असं त्याला वाटलं नव्हतं. ताडकळसच्या एका मुलीचं स्थळ आलं होतं. बघायला निघताना त्यानं टोपी घालून भिंतीकडे पाहिलं, डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि टोपी काढून ठेवली. पुन्हा कुणी स्थळ आणलं नाही.

लोक पांगले तेव्हाही तो तिथंच उभा होता. चंद्रभान हसत हसत आला. त्यानं कोट घातला होता आणि त्याच्या खांद्यावर कापूस होता. "दाजी, चहा घेतला का? तहसीलदार काय म्हणाले ऐकलं का तुमी?" तो म्हणाला. बन्सीधरनं विचारलं, "हा हात कुणाचा?" चंद्रभाननं फोटोकडे पाहिलं. मग त्यानं चौकट सरळ केली. ती सरळच होती. त्यानं ती थोडी वाकडी केली आणि पुन्हा सरळ केली.

मग चंद्रभाननं सांगितलं. पहिल्यांदा तो हळू बोलत होता, पण पुढे पुढे त्याला बोलायला बरं वाटत असावं. आक्काचा फोटो नव्हता. कधीच काढला नव्हता. ती पुण्याला आली तेव्हा रोज म्हणायची की चंदू, माझाबी एक काढ. पण काचा कंपनीच्या होत्या, आणि आक्का कुठं जाते, उद्या काढू, असं म्हणता म्हणता ती गाडीत बसली. त्या दिवशी दाजींना तसं पडलेलं बघून त्याच्या तोंडून निघून गेलं की फोटो आहे. एकदा बोलल्यावर तो असायलाच पाहिजे होता. आईकडून त्यानं लुगडं नेलं. कंपनीत गर्दीत उभी राहणारी एक बाई होती, प्रभावती नाव लावायची. अंगानं आक्कासारखी. तिला बसवलं, हात पदराखाली घ्यायला सांगितलं. आक्काचं नाक त्यानं पेन्सिलनं स्वतः काढलं. भुवया काढल्या. "मी भाऊ हाय तिचा," तो म्हणाला. "माझ्याइतकं कुणाला आठवतंय? रात रात बसून केलंय मी ते."

"आन् हे?" बन्सीधरनं भिंतीकडे बोट केलं.

"ते झाल्यावरचं. मी झालं म्हणलं, तिनं चहा मागितला." चंद्रभान फोटोकडे बघायला लागला आणि बघता बघता त्याचा आवाज बदलला. आपण कुणाशी बोलतो आहोत हे तो क्षणभर विसरला असावा. "माझ्या सगळ्या कामात हाच चांगला आलाय, दाजी. खरं सांगतो. लुगडं कुणाचं हाय ते मला ध्यानातबी आलं न्हाई."

खोटं बोलला हे बन्सीधरला समजण्यासारखं होतं. समोरच्याचं दुःख बघून माणूस हाताशी असेल ते देतो. पण हे त्याच्या डोक्यात बसेना. आपण सहा वर्षं जिच्यापुढे दिवा लावला, ती ह्याच्यासाठी चांगलं आलेलं काम होती. लुगडं ध्यानात आलं नाही, हे तर खरंच असणार. चंद्रभाननं तो पदर किती वेळा मोठा करून बघितला असेल, अंधाऱ्या खोलीत, पाण्यातून वर येताना. ते रफू त्याच्या डोळ्यांखालून किती वेळा गेलं असेल. तो उजेड बघत होता, हसणं बघत होता. बहिणीची सुई त्याला दिसली नाही. बन्सीधरनं लुगडं कुठं आहे असं विचारलं. चंद्रभान म्हणाला की ती बाई घेऊन गेली, तिला आवडलं, आणि तिला द्यायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. पुढे लढाई लागली, फिल्म मिळेना, कंपनी बसली. ती बाई कुठं गेली ठाऊक नाही.

बन्सीधर पुन्हा त्या पदराकडे बघायला लागला. ते चंद्रभानला सोसवेना. तो चिडला. "तुमी तरी काय करता हो, दाजी?" तो म्हणाला. "जिल्ह्यातल्या मेलेल्या बाया एकाच ठशातून काढता. कुणाचं नाक येगळं हाय का त्यात? तुमचा टाक लोक देवात ठेवतात, तिचं नाव घेऊन कुंकू लावतात. मी तरी नाक सोताच्या हातानं काढलं."

हे बरोबर होतं. त्याच दिवशी सकाळी ताडकळसचा व्यंकटराव दुकानात बसून गेला होता. त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं, आणि नवी बायको घरात यायच्या आधी पहिलीचा टाक, तिच्या नावानं पत्र्यात उठवलेली प्रतिमा, देवात बसायला पाहिजे होता. सगळे सांगतात तसंच त्यानंही सांगितलं होतं, तिच्यासारखा करा. बन्सीधरनं चांदीचा पत्रा बापाच्या वेळच्या पितळी ठशावर ठेवला होता आणि हातोडी मारली होती. गोल डोळे, कपाळाला कुंकू, डोक्यावर पदर. ठशाचं नाक झिजलेलं आहे, त्यामुळे गेली कित्येक वर्षं परभणीतल्या सगळ्या मेलेल्या बायांची नाकं चपटी येतात. व्यंकटरावानं टाक तळहातावर घेऊन उजेडात धरला होता. "हुबेहूब, बन्सीभाऊ," तो म्हणाला होता. "सुमनच." आणि बन्सीधरला मनातल्या मनात त्या भोळेपणाचं हसू आलं होतं. आपल्या घरात खरा फोटो आहे, असं त्याला वाटलं होतं. मनकर्णेचा टाक त्यानं केला नव्हता. सासूनं किती तरी वेळा म्हटलं होतं की लेकीला देवात जागा द्या. तो म्हणायचा, फोटो हाय की.

"हा मला दे," तो चंद्रभानला म्हणाला आणि फोटोकडे बोट केलं.

चंद्रभानला वाटलं दाजींचा राग गेला. त्याचे डोळे भरून आले. त्यानं फोटो खाली उतरवला, चौकटीतून काढला, नीट पुठ्ठ्यात घातला, सुतळी बांधली. बांधता बांधता तो आक्काबद्दल बोलत होता, लहानपणी ती त्याला पाठीवर घेऊन घाटावर जायची ते सांगत होता. "काच हाय माझ्यापाशी," तो शेवटी म्हणाला. "मी दुसरा काढून लावीन. तुमी काळजी करू नका."

गोदामापासून सराफ्यापर्यंत बन्सीधर चालत आला. दुपार होती, रस्त्यात कुणी नव्हतं, आणि चालता चालता त्याला उत्तर सुचलं. माझ्या टाकाला तोंड नसतंच. व्यंकटराव ते तोंड घेऊन येतो आणि त्या चांदीवर ठेवतो, आणि घरी जाताना ते परत घेऊन जातो. मी त्याच्याकडून काही काढून घेत नाही. तू माझ्याकडचं काढून घेतलंस. हे त्यानं मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं. गोदामात हे म्हटलं असतं तर चंद्रभान काय बोलला असता? पण परत जाऊन सांगण्यासारखं ते नव्हतं. आणि सांगून काय उपयोग होता? तो मनकर्णेला आठवायचा प्रयत्न करत होता. नदीवर लुगडं पिळताना. प्रभावतीचं तोंड. आजारात, केस कापलेली. प्रभावतीचं तोंड. लग्नात, मुंडावळ्यांमागं. त्या वेळी त्यानं तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, तरी तिथंही प्रभावती बसली होती, मोठ्या कपाळाची, सरळ नाकाची, डोळ्यांत पांढरे ठिपके असलेली. हात आठवत होता. टाचेची भेग आठवत होती. हाक आठवत होती, 'आवो' म्हणताना शेवटी थोडा वर जाणारा आवाज. माणूस मानेपर्यंत आठवत होतं आणि तिथून वर दुसरीच बाई सुरू होत होती.

घरी आल्यावर त्यानं भिंतीकडे बघितलं आणि त्याला लाज वाटली. सहा वर्षं त्यानं ह्या खोलीत धोतर बदललं होतं. तापात बडबडला होता. एकटा असताना रडला होता, तिच्याशी बोलला होता, नवराबायको बोलतात तसंही बोलला होता. आणि समोर एक परकी बाई बसली होती, जिला त्याचं नावही माहीत नव्हतं. चहाची वाट बघत बसली होती. तिची काही चूक नव्हती. त्यानं फोटो उतरवला, पंच्यात गुंडाळला आणि दाराशी ठेवला, पाहुण्याचं सामान ठेवावं तसा. चंद्रभान आला की घेऊन जाईल.

मग त्यानं दुकानात बसून शेगडी पेटवली. चांदीचा एक तुकडा शिल्लक होता. तो त्यानं तापवून बडवून पातळ केला, ठशावर ठेवला आणि हातोडी मारली. व्यंकटरावाच्या सुमनबाईचं तेच नाक, तेच गोल डोळे आले. टाकाला हात नसतात, नाही तर पाच ठिपके काढता आले असते. त्यानं तो उजेडात धरला नाही. पालथा केला. पाठीमागून टाक पोकळ असतो. लोक तसाच नेतात, जड हवा असेल तर आत लाख भरून देतात. त्यानं चंद्रभाननं दिलेला फोटो पुठ्ठ्यातून काढला आणि पत्रा कापायची कातर घेतली. बाईच्या हसण्याकडे तो बघत नव्हता. काठापासून सुरुवात करून त्यानं पदराचं टोक कापलं आणि मग त्यातून ते रफू, तेवढंच, बोटाच्या पेराएवढं. कागदाच्या त्या तुकड्यात आडवे उभे फिकट दोरे होते, दाट, एकमेकांत नीट न बसलेले. मनकर्णेच्या हातचं घरात आता एवढंच होतं. बाकीचा फोटो त्यानं शेगडीत घातला. चंद्रभानजवळ काच होतीच.

लाख वितळायला लागली आणि तिचा वास सुटला. निखारा मंद होता. त्यानं फुंकणी उचलली आणि फुंकायच्या आधी त्याला आठवलं की हे काम मनकर्णेचं. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असले की तो आत हाक मारायचा, आणि ती पीठ लागलेल्या हातांनी येऊन शेगडीपुढे उकिडवी बसायची. गाल टम्म फुगवायची. इतके फुगवायची की नथ वर उचलली जायची आणि दुकानात गिऱ्हाईक असलं तरी त्याला हसू यायचं. "हसू नका, चांदी सांडंल," ती फुंकणीतून तोंड काढून म्हणायची. गाल आले. तो न हलता बसला. खरेच गाल आले, फुगलेले, डाव्या गालावर राखेचा पट्टा, घामानं चिकटलेली बट, वर उचललेली नथ. नाक चपटं होतं. सरळ नव्हतं. चपटंच होतं, शेंड्याला जरा रुंद. त्यानं श्वास धरला आणि मनातल्या मनात नजर नाकावरून वर नेली. वर प्रभावतीचे डोळे होते, मोठे, शांत, आणि दोन्हींत चौकोनी पांढरे ठिपके.

तो थांबला. डोळे बदलतील म्हणून थांबला. लाख निवायला लागली, तिच्यावर साय धरायला लागली. आणखी थांबलं असतं तर ती परत तापवावी लागली असती. त्यानं कागदाचा तुकडा टाकाच्या पोकळीत ठेवला, वरून लाख ओतली आणि अंगठ्यानं दाबून धरली, चटका बसला तरी.